डिस्चार्ज कार्डावर 'बंद' हा शब्द कोण लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एका मुलाचं पत्र आलं होतं. आईला दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टरने हातात गोळ्यांची पिशवी दिली आणि "सगळं कार्डावर लिहिलंय" एवढंच म्हणाल्या, मान वर करून बघितलं पण नाही, असं त्याने लिहिलं होतं. त्याचा राग मला पटला. मी ३३ वर्षं सरकारी नोकरी केली, आधी अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स आणि शेवटची काही वर्षं परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, त्यातली १९ वर्षं लेबर रूम आणि बाळंतीण वॉर्डात गेली, आणि हे वाक्य मी पण म्हटलेलं आहे, किती जणांना ते आता मोजता येणार नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल, कापायचं तर कापा पण गोळ्यांची नावं आणि आकडे तेवढे कापू नका.

त्या कार्डावर काय लिहिलेलं असतं ते आधी सांगते. इंग्रजीत औषधाचं नाव, पुढे ओडी, बीडी, टीडीएस, एचएस. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. हे आम्हाला पाठ असतं, पण सातवी शिकलेल्या बाळंतिणीला किंवा मोतीबिंदू झालेल्या आजोबांना कुठून कळणार. मग मेडिकलवाला पाकिटावर पेनाने रेघा मारून देतो, सकाळी एक रात्री एक, आणि घरी गेल्यावर दोन दिवसात ते पाकीट फाटतं, गोळ्या डब्यात जातात आणि रेघा कचऱ्यात. २०१६ साली मेडिकल कौन्सिलने नियम केला की डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं. चांगला नियम आहे, पण कॅपिटलमध्ये लिहिलं तरी ते इंग्रजीच ना.

आणि कार्डावर जे लिहिलेलं असतं त्याहून जास्त घात जे लिहिलेलं नसतं त्याने होतो. माझ्या घरातलीच गोष्ट सांगते.

माझ्या सासूबाईंना ११ वर्षं बीपीची गोळी चालू होती, अॅम्लोडिपीन ५, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली. वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला, जिल्ह्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात ६ दिवस ठेवलं, बऱ्या झाल्या, घरी सोडलं. सोडताना नवीन गोळ्या दिल्या, त्यात एक टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपीन एकत्र असलेली बीपीची गोळी होती, दुसऱ्या कंपनीची, वेगळं नाव, वेगळा रंग. जुनी गोळी बंद करा हे कार्डावर कुठेही नव्हतं आणि तोंडाने पण कुणी सांगितलं नाही. सासूबाईंनी दोन्ही घेतल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, ती माझी बीपीची गोळी आणि ही दवाखान्याची गोळी. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

तीनेक आठवड्यात पाय सुजले. अॅम्लोडिपीनचा डोस वाढला की पाय सुजतात हे आम्ही नर्सिंगच्या पोरींना शिकवतो. पण सासूबाई तिसऱ्याच डॉक्टरकडे गेल्या, त्यांनी सूज बघून लघवीची गोळी दिली, त्यांच्यापुढे जुनी स्ट्रिप कुणी ठेवलीच नव्हती. लघवीची गोळी सकाळी घ्यायची असते, सासूबाई रात्री जेवणानंतर घ्यायच्या कारण सगळ्या गोळ्या जेवणानंतरच्या असतात असं त्यांच्या डोक्यात. मग रात्री तीनतीन वेळा उठणं सुरू झालं, बीपी आधीच खाली, पहाटे अंधारात पलंगावरून झटक्यात उठल्या आणि न्हाणीच्या दारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं पण त्यानंतर त्या स्वतःच्या पायाने अंगणात आल्या नाहीत.

मी तेव्हा दुसऱ्या गावी ड्युटीवर होते. सुट्टी काढून आले, त्यांच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असायच्या, तो डबा चादरीवर उपडा केला. दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी पडल्या, दोन्हीवर मोठ्या अक्षरात कंपनीची नावं वेगळी आणि खाली बारीक अक्षरात दोन्हीकडे अॅम्लोडिपीन. मी रोज वीस जणींचे केसपेपर वाचणारी बाई, आणि माझ्याच घरातला तो डबा मी सहा महिन्यात एकदाही उघडला नव्हता. ह्याचं मला आजही वाईट वाटतं आणि ते वाटायलाच हवं.

कार्डावर काय सुरू करायचं ते असतं. काय चालू ठेवायचं ते कधी असतं कधी नसतं. काय बंद करायचं ते जवळजवळ कधीच नसतं. माझं एवढंच मागणं आहे की प्रत्येक दवाखान्याने, सरकारी असो की खाजगी, घरी सोडताना मराठीत, मोठ्या अक्षरात एक कागद द्यावा, त्यावर तीन भाग, सुरू, चालू आणि बंद. आणि तो कागद एका सिस्टरने समोर बसवून समजावून सांगावा आणि पेशंटकडून परत वदवून घ्यावा. "कळलं का" विचारलं की सगळे मान डोलावतात. "आता तुम्ही मला सांगा कोणती गोळी कधी घेणार" असं विचारलं की खरं काय ते बाहेर येतं.

रिटायर झाल्यापासून मी आमच्या भागातल्या समाजमंदिरात रविवारी सकाळी बसते, लोकांनी आपापल्या गोळ्यांची पिशवी आणायची, मी फक्त वाचून सांगते काय कशाचं आहे, काही गडबड दिसली तर चिठ्ठी लिहून त्यांच्याच डॉक्टरांकडे पाठवते. औषध मी बदलत नाही आणि बंदही करत नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्या पिशव्यांमधून जे निघतं ते बघून झोप उडते.

एक आजोबा, शुगरची ग्लिमेपिराइड चालू, माळकरी माणूस, दर एकादशीला निर्जळी उपास आणि सकाळी गोळी मात्र न चुकता घेणार, कारण डॉक्टरांनी गोळी चुकवू नका असं बजावलेलं. उपासाच्या दिवशी काय करायचं हे कुणी सांगितलंच नाही. ती गोळी शुगर खाली आणतेच, पोटात काही असो नसो. एका एकादशीला दुपारी दरदरून घाम, हात थरथर आणि काहीतरी असंबद्ध बडबड सुरू झाली. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका आला. नशीब सुनेने माझ्याकडे पोरगं पळवलं. शुद्धीवर होते म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग दवाखान्यात नेलं कारण ह्या गोळीचा असर लांबतो, शुगर एकदा वर आली तरी परत खाली जाऊ शकते. शुद्धीवर नसते तर तोंडात काहीच घालायचं नव्हतं, श्वासनलिकेत जातं, सरळ १०८ ला फोन. आपल्याकडे चतुर्थी आहे, एकादशी आहे, नवरात्र आहे, आषाढी वारीत तर जेवणाच्या वेळेचा काही नेम नाही. उपास करू नका म्हणून मी सांगत नाही, सांगितलं तरी ऐकणार नाहीत. पण उपासाच्या दिवशी शुगरच्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि डॉक्टरांनी पण न विचारता सांगा.

इन्शुलिनचं तर वेगळंच. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, आणि पेनमधलं १०० चं. सुई पण वेगळी, लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. एका घरी पेन बिघडलं म्हणून मुलाने पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली, आणि १०० च्या औषधात अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. अडीच पट. म्हातारी वाचली कारण टोचायच्या आधी त्याला शंका आली आणि तो विचारायला आला. ज्याला शंका येत नाही त्याचं काय होतं ते आपल्यापर्यंत येतच नाही, "वय झालं होतं" म्हणून सोडून दिलं जातं.

गुडघ्याची गोळी हा आणखी एक विषय. सुट्या गोळ्या, कागदाच्या पुडीत, नाव नाही, तारीख नाही, एका गोळीत पाय मोकळे. त्यात बऱ्याचदा डायक्लोफेनॅक असतं, कधी स्टेरॉईड पण. बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि त्यात ही दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र आल्या की म्हाताऱ्या माणसाची किडनी थोड्या दिवसात बसू शकते. सर्दीच्या साध्या गोळीने प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबते. वर्षानुवर्षं घेतलेल्या झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो, पण ती एकदम सोडायची पण नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि मेडिकलवाल्या भाऊंना हात जोडून सांगते, स्ट्रिप कापून देताना नाव आणि एक्सपायरी ज्या बाजूला आहे ती बाजू पेशंटला द्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी जे करतात त्यातही औषधाच्या चुका असतात. सासूबाईंना सांभाळायला ठेवलेल्या ताई फार मायेच्या होत्या, पण गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र खलबत्त्यात कुटून मधात चाटवायच्या. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर असं काही असतं ती पोटात हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली असते, ती कुटली की दिवसभराचा डोस एका दमात अंगात जातो. ते ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांची काय चूक. बऱ्याच औषधांचं पातळ औषध मिळतं किंवा दुसरी गोळी मिळते, विचारावं लागतं. औषध आणि जेवण आडवं झोपवून कधीच द्यायचं नाही, उशीला टेकवून बसतं करायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची. उठवताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसू द्यायचं, मग उभं करायचं. हे शेवटचं एक वाक्य जरी सासूबाईंना त्या दवाखान्यातून सुटताना कुणी सांगितलं असतं तर, असं मनात येतं.

आता बाळंतिणींबद्दल. तिथे माझं आयुष्य गेलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या सासरच्या गावी, डिलिव्हरी माहेरच्या तालुक्याला, सव्वा महिन्याने परत सासरी, म्हणजे एकाच बाईचे तीन ठिकाणी तीन कागद आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याला माहीत नाही. जिला आधीपासून बीपी आहे आणि टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू आहे तिने दिवस गेलेत असं कळल्याबरोबर डॉक्टरांना दाखवून ती बदलून घ्यायची असते, पोटातल्या बाळाच्या किडनीला त्याने धोका असतो, त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपीन किंवा मिथाइलडोपा देतात. पण मी चौथ्या पाचव्या महिन्यापर्यंत तीच गोळी घेत असलेल्या बायका बघितल्यात. फिटच्या गोळीत व्हॅल्प्रोएट असेल तर मूल व्हायचं ठरवण्याच्या आधीच डॉक्टरशी बोलायला हवं, मात्र आपल्या मनाने ती गोळी एकदम बंद करू नये, फिट आली तर आई आणि बाळ दोघांना धोका. कंबर दुखते म्हणून २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते, ती पण विचारून आणि मोजून.

लाल गोळी म्हणजे लोह आणि फॉलिक अॅसिड, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंत झाल्यावर परत १८० दिवस. हे दुसरे १८० दिवस बहुतेकींना माहीतच नसतात, बाळंत झाली की गोळ्या आशाताईंना परत किंवा कपाटावर. घेतात त्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतात, वरून चहा. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेतलं की लोह अंगी लागत नाही, चहाने पण तेच होतं. दोन्हीत दोन तासांचं अंतर ठेवायचं, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. शी काळी होते त्याला घाबरायचं नाही. आणि लाल गोळीने बाळ काळं होतं किंवा फार मोठं होऊन अडतं असं सांगणाऱ्या मावश्या-आत्यांना मी वॉर्डात बसवून समजावलंय, काही ऐकतात काही नाही ऐकत.

बीपीवाल्या बाळंतिणीचं मला सगळ्यात जास्त भ्या वाटतं. लोकांना वाटतं बाळ झालं, बीपी गेलं. तसं नसतं, बाळंत झाल्यावर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी उलट सगळ्यात वर जाऊ शकतं, आणि नेमकी तेव्हा ती घरी असते, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पाहुणे आणि गोळी बंद. डोकं ठणकणं, डोळ्यापुढे काजवे, छातीखाली पोटात दुखणं, हे झालं तर नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळत बसू नका, गाडी बोलवा. झटके घरीच येतात मग.

आणि ते झटके आल्यावर काय करावं लागतं ते मुद्दाम लिहिते, कारण सिस्टर लोकांना वेळ का लागतो हे लोकांना कळायला हवं. मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं असतं. एका अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, १ ग्रॅम. ४ ग्रॅम पाण्यात पातळ करून शिरेतून हळूहळू, मग ५ ग्रॅम एका कुल्ल्यात, ५ ग्रॅम दुसऱ्या कुल्ल्यात, म्हणजे १४ अँप्युल फोडायच्या, पुढ्यात बाई झटके देतीये, तिची आई दारात रडतीये. आम्ही मोठ्याने मोजायचो, एक जण फोडणार दुसरी मोजणार. नंतर दर ४ तासांनी ५ ग्रॅम. पण प्रत्येक डोसच्या आधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का मोजायचे, गेल्या ४ तासात लघवी १०० मिली तरी झाली का बघायचं. ह्यातलं एक जरी कमी असेल तर डोस थांबवायचा, कारण हेच औषध जास्त झालं की श्वास बंद पाडतं. उशाला कॅल्शियम ग्लुकोनेट भरून ठेवायचं, तो त्याचा उतारा. टोचायला दोन मिनिटं लागतात, टोचल्यावर २४ तास तिच्याकडे बघत राहावं लागतं, आणि ते बघणं म्हणजेच नर्सिंग. आता रात्रपाळीला एक सिस्टर, ४० बाया, तितकीच बाळं, त्यात दोन नवीन ॲडमिशन, सांगा ती कुणाचा श्वास मोजणार. आणि वर रजिस्टरं. माझ्या शेवटच्या वर्षांत एका डिलिव्हरीची माहिती इतक्या वेगवेगळ्या वह्यांत लिहावी लागायची की पहाटे बाईपेक्षा वहीकडेच जास्त बघितलं जायचं.

एक रात्र विसरत नाही. डिलिव्हरी झाली, वार पडली, पण गर्भाची पिशवी आकसेना, रक्त थांबेना. डॉक्टर दुसऱ्या सिझरमध्ये होते, आतून ओरडून सांगितलं मेथर्जिन द्या, म्हणजे पिशवी आकसवणारं इंजेक्शन. मी भरलं. हात दंडापर्यंत गेला होता आणि शेजारी उभी असलेली शिकाऊ पोरगी, जेमतेम १९-२० वर्षांची, हळूच म्हणाली, सिस्टर, हिचं बीपी १६० आहे. बीपी असलेल्या बाईला मेथर्जिन द्यायचं नसतं, बीपी भडकून डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. मला माहीत होतं. डॉक्टरांना पण माहीत होतं. घाईत दोघांनाही आठवलं नाही आणि केसपेपर बाहेर टेबलावर होता. सिरिंज टाकली, ऑक्सिटोसिनची ड्रिप लावली, पिशवी चोळत राहिलो, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या जिभेखाली ठेवल्या, रक्त थांबलं. त्या पोरीला मी त्या रात्री सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्यानंतर आमच्या वॉर्डात मी एक शिस्त लावली, इंजेक्शन भरताना औषधाचं नाव आणि पेशंटचं बीपी मोठ्याने म्हणायचं आणि ऐकणाऱ्या कुणीही, मावशी असली तरी, शंका आली तर थांबा म्हणायचं. कुणी थांबा म्हटलं तर तिच्यावर चिडायचं नाही. हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड गेलं.

ऑक्सिटोसिनबद्दल पण बोलायला हवं. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात १० युनिट मांडीत दिलं की रक्तस्रावाचा धोका खूप कमी होतो. पण ते २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. मराठवाड्यात मे महिन्यात ४२-४३ डिग्री, लाईट गेलेली, आणि अँप्युल लेबर रूमच्या ट्रेमध्ये दोन दिवस उघड्यावर. औषध दिलंय असं कागदावर लिहिलेलं असतं, पण त्या औषधात किती जीव उरला होता हे कुणी लिहित नाही. मी ट्रेमध्ये फक्त त्या पाळीला लागतील तेवढ्याच ठेवायला लावायचे, बाकी फ्रिजमध्ये, आणि फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या, डबे काही नाही. आणि त्याचं उलटं टोक, बाळ अजून पोटात असताना कळा वाढाव्यात म्हणून घरी येऊन हेच इंजेक्शन दंडात टोचणारे लोक. म्हशीला पान्हा सोडायला टोचतात तेच हे औषध. एकदा टोचलं की त्यावर आपला ताबा राहत नाही, पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरतं. फाटलेल्या पिशवीच्या बाया मी टेबलावर घेतलेल्या आहेत. कुणी "लवकर सुटका करतो" म्हणत सुई काढली तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि बाळाचं एक. दीड महिन्याचे लशीचे डोस दिले की ताप येतो, पॅरासिटामॉल लिहून देतात. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२५, कधी २५०. दिसायला दोन्ही लाल, गोड. ड्रॉप्सची बाटली चमच्याने पाजली तर एका चमच्यात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी दीड महिन्याच्या पोटात. बाटलीबरोबर आलेला ड्रॉपरच वापरायचा, एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला नाही, आणि किती मिली ते डॉक्टरांकडून बाळाच्या वजनावर लिहून घ्यायचं.

१७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो. २०२१ साली त्याचा विषय आई आणि नवजात बाळाची सुरक्षित काळजी हा होता, २०२२ साली औषधांची सुरक्षितता. त्याच्याही आधी २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी इजा कमी करायची मोहीम जाहीर केली होती. आम्ही रांगोळ्या काढल्या, शपथ घेतली, पोस्टरं लावली, मनापासून केलं. पण कार्ड तेच राहिलं. माझी आरोग्य खात्याला आणि खाजगी दवाखान्यांच्या डॉक्टरांना विनंती आहे की येत्या १७ सप्टेंबरला पोस्टरऐवजी तो मराठी कागद छापा. त्याला फार खर्च नाही. गोळीचं नाव, कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि खाली ठळक चौकट, ह्या जुन्या गोळ्या बंद. जिथे वाचता येत नाही तिथे सूर्य आणि चंद्र काढा, मी काढायचे, बायकांना लगेच कळायचं. विदर्भ, मराठवाड्यात गोंडी, लमाणी बोलणारे पेशंट येतात, तिथे घरातलं एक माणूस समोर बसवून सांगा.

आणि डिस्चार्जच्या वेळी एक सिस्टर मोकळी ठेवा, दहा मिनिटं एका पेशंटला, त्या वेळात तिला दुसरं काम देऊ नका. रिक्त जागा भरल्याशिवाय हे होणार नाही हे मला माहितीये, मी रजा मागताना किती वेळा "तुमच्या जागी कोण" हे ऐकलंय. पण त्या जागा पेशंटच्या जिवाशी कशा जोडलेल्या आहेत हे लोकांनी पण आमदारांना विचारायला हवं, फक्त आमच्या संघटनेने मोर्चा काढून भागत नाही.

मागच्या पत्रातल्या त्या मुलाला मला सांगायचंय, बाळा, आईच्या सगळ्या गोळ्या, जुन्या, नव्या, आयुर्वेदिक काढे, डोळ्यांचे थेंब, सगळं एका पिशवीत घाल आणि पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर ओत, यातली बंद कोणती ते लिहून द्या म्हण. संकोच करू नकोस. कोणत्याही औषधाने त्रास झाला असं वाटलं तर सरकारची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, फोनला पैसे पडत नाहीत, आणि पेशंटने स्वतः भरायचा फॉर्म मराठीत पण आहे. संपादक साहेब, हा नंबर ठळक छापा.

मराठी कागदाचा नमुना मी हाताने तयार केलाय, सोबत जोडते आहे. जागा झाली तर तोही छापा, कुणालाही झेरॉक्स काढून वापरता येईल.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, मराठवाडा